प्रश्न कोणाच्या खात्यावर? : समाजकार्य शिक्षणाच्या सैद्धान्तिक पायाविषयी

समाजकार्याची पदवी असते आणि ती मिळवायला दोन वर्षे अभ्यास करावा लागतो, असे सांगितले की आजही समोरचा माणूस किंचित हसतो. त्या हसण्याला आपल्याकडे आधारही भक्कम आहे. महर्षी कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. बाबा आमटे वकील. जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटे घेत. ना. म. जोशी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत येण्यापूर्वी शाळेत शिकवत. यांपैकी कोणीही समाजकार्याचा अभ्यासक्रम पुरा केलेला नव्हता. कळवळा असला की पुरे, आणि कळवळा काही वर्गात शिकवता येत नाही. मग तिथे शिकवतात तरी काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे उत्तर मात्र जरा अडचणीचे आहे, कारण तिथे शिकवतात ते बहुतांशी दुसऱ्यांचे असते. समाजशास्त्रातून जात, वर्ग, कुटुंब आणि स्थलांतर. मानसशास्त्रातून बालविकास आणि व्यक्तिमत्त्व. अर्थशास्त्रातून दारिद्र्य आणि रोजगार. कायद्यातून बालहक्क, कामगार आणि कौटुंबिक हिंसा. जोडीला थोडे राज्यशास्त्र, मानवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र. त्यावर व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशा कार्यपद्धती, आणि साधारणपणे आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य. या सगळ्याला कोणी खिचडी म्हटले तर शब्द अगदीच चुकीचा नाही. पण या खिचडीत कोणते धान्य किती पडते, यावर बरेच काही अवलंबून असते. प्रत्येक शास्त्र आपल्यासोबत एक उत्तर घेऊन येते: समोरच्या माणसाच्या अडचणीचे कारण कुठे आहे? त्याच्या मनात, घरात, जातीत, मालकाच्या हिशेबवहीत, की सरकारच्या कायद्यात? कारण जिथे मांडले जाते तिथे उपाय होतो, आणि बहुधा दोषही तिथेच चिकटतो. समाजकार्याच्या सिद्धान्तांची चर्चा कोरडी वाटते खरी, पण कोणाचा प्रश्न कोणाच्या खात्यावर लिहायचा, हेच त्या चर्चेत ठरत असते.

उसनवारीचा सर्वांत गाजलेला आरोप १९१५ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका परिषदेत झाला. आरोप करणारे होते अब्राहम फ्लेक्सनर. पाचच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, त्यांच्या अहवालाने अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेतली होती आणि त्यानंतर कित्येक वैद्यकीय शाळांना टाळे लागले होते. समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, या प्रश्नाला त्यांनी 'नाही' असे उत्तर दिले. डॉक्टर स्वतः बरा करतो, वकील स्वतः लढतो; समाजकार्यकर्ता मात्र आजाऱ्याला डॉक्टरकडे, भांडणाऱ्याला वकिलाकडे आणि बेकाराला मालकाकडे पोचवतो. तो मध्यस्थ आहे. इतरांना शिकवता येईल असे स्वतःचे खास तंत्र त्याच्याजवळ नाही, असा त्यांचा रोख होता.

हा शब्द जिव्हारी लागला. दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मेरी रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा जाडजूड ग्रंथ आला. तो चाळताना जाणवते की स्वतःचे तंत्र उभे करण्यासाठी रिचमंडबाईंनी दोन शेजाऱ्यांचे दार ठोठावले. कायद्याकडून त्यांनी पुराव्याची शिस्त घेतली: ऐकीव माहिती कोणती, प्रत्यक्ष पाहिलेले काय, अनुमान किती. वैद्यकाकडून घेतला 'निदान' हा शब्द. पुराव्याची शिस्त फार उपयोगी पडली. आजही चांगला कार्यकर्ता अहवालात 'ती रडत होती' आणि 'ती दुःखी होती' ही दोन वेगळी विधाने मानतो. 'निदान' या शब्दाने मात्र एक गोष्ट गुपचूप आत आणली. निदान रोग्याचे होते. रोग शोधायचा तो रोग्याच्या अंगात. स्वतः रिचमंड शेजारपाजार, नोकरी, शाळा, नातलग या सगळ्यांची चौकशी बारकाईने करायला सांगतात, पण शब्दाचा कल आपले काम करतोच. पुढच्या दशकात फ्रॉइडचे मनोविश्लेषण अमेरिकेत पसरले तेव्हा त्याला जागा तयारच होती. गरिबाच्या घरी रेशन आहे का हे पाहणारा कार्यकर्ता आता त्याच्या बालपणाकडे पाहू लागला.

मग १९२९ ची मंदी आली. कारखाने बंद पडून माणसे रांगेने बेकार होतात तेव्हा प्रत्येकाच्या बालपणात शिरून काय सापडणार? अर्थशास्त्र अभ्यासक्रमात परतले, १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, आणि दोष व्यक्तीच्या खात्यावरून थोडा व्यवस्थेच्या खात्यावर सरकला. हे हेलकावे नंतरही चालूच राहिले. फ्रॉइडवादी आणि रँकवादी यांच्यातील भांडणाच्या तपशिलात जाण्याचे इथे कारण नाही. ज्यांना गोडी असेल त्यांनी ते जरूर वाचावे, त्यात विनोदही पुष्कळ आहे.

आपल्याकडे हे शिक्षण आले १९३६ साली, मुंबईत. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागोत शिकलेले अमेरिकन मिशनरी १९२० च्या दशकापासून नागपाड्याला नेबरहूड हाउस चालवत होते. वस्तीतच राहायचे, वस्तीकडूनच शिकायचे, ही त्यामागची कल्पना. तिची परंपरा लंडनच्या टॉयन्बी हॉलपर्यंत (१८८४) आणि जेन ॲडम्स यांनी शिकागोत काढलेल्या हल हाउसपर्यंत (१८८९) जाते. दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून मॅन्शार्ट यांनी समाजकार्याचे विद्यालय काढले. १९४४ मध्ये ते टाटा समाजविज्ञान संस्था झाले. नावातला हा बदल बोलका आहे: आधी 'समाजकार्य', मग 'समाजविज्ञाने', तीही अनेकवचनी.

हल हाउसच्या उंबरठ्यावर आणखी एक माणूस भेटतो, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई. शिकागो विद्यापीठात असताना त्यांचे हल हाउसशी निकटचे संबंध होते. ज्ञान कृतीतून तयार होते आणि कृतीतच तपासले जाते, हा त्यांचा आग्रह. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला जे मध्यवर्ती स्थान आहे त्याची वैचारिक बैठक इथे सापडते. पुढे ड्यूई न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१३ ते १९१६ या काळात तिथे त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत भीमराव आंबेडकर होते. एकाच विचाराच्या दोन वाटा मुंबईला पोचल्या असे म्हणायला हरकत नाही. एक नागपाड्याला आली. दुसरी परळला: मार्च १९२४ मध्ये दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली. वसतिगृहे, वाचनालये, आणि तीनच वर्षांनी महाडचे तळे. दामोदर हॉलही ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगच्या (१९११) कामाशी जोडलेला. त्याच जोशींनी पुढे देशातील कामगार संघटनांना एका छत्राखाली आणण्यात पुढाकार घेतला. परळात रात्रशाळा, वाचनालय, कामगार संघटना आणि जातिनिर्मूलन ही कामे एकमेकांच्या शेजारी चालत होती.

नागपाड्याहून अभ्यासक्रम निघाला तेव्हा परळ त्यात पुरेसे आले नाही. याचे कारण कोणाची वाईट इच्छा होती असे नव्हे. शिक्षणाला पुस्तके लागतात, पुस्तके अमेरिकेतून येत. पदवीधराला नोकरी लागते, नोकरी कायदा देतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. झाले! 'कामगार कल्याण' हा विषय समाजकार्याच्या विद्यालयांत भरभराटीला आला आणि हळूहळू व्यवस्थापनाच्या बाजूला झुकत 'कर्मचारी व्यवस्थापन' बनला. ना. म. जोशी कामगारांच्या बाजूने वाटाघाटीला बसत. त्यांच्याच शहरात शिकलेला पदवीधर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागला. सिद्धान्त कसे निवडले जातात याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. विद्येच्या तर्काइतकाच त्यात पगाराचाही हात असतो.

जात, चळवळ, अब्राह्मणी विचार यांवर या संस्थांत काम झालेच नाही असे मात्र नाही. टाटा संस्थेचे दीर्घकाळ संचालक राहिलेले समाजशास्त्रज्ञ एम. एस. गोरे यांनी विठ्ठल रामजी शिंदे, आंबेडकर आणि ब्राह्मणेतर चळवळ यांवर ग्रंथ लिहिले. पण ते समाजशास्त्र म्हणून वाचले गेले. 'समोर बसलेल्या बाईशी मी कसे बोलू?' या प्रश्नाचे उत्तर शोधायला विद्यार्थी तिकडे गेला नाही. तो बिस्टेककडे गेला.

फेलिक्स बिस्टेक हे शिकागोतील जेझुइट धर्मगुरू. १९५७ साली त्यांनी मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वे मांडली. माणसाला आहे तसा स्वीकारणे, त्याच्याबद्दल निवाडा न करणे, त्याचे गुपित राखणे, निर्णय त्याचा त्याला घेऊ देणे ही त्यांतली चार. भारतात समाजकार्याचा विद्यार्थी ही सात तत्त्वे पाढ्यासारखी पाठ करतो. आता जरा मागे जाऊन १८६३ चे पुणे पाहू. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवा ब्राह्मण स्त्रीने तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. कोणी तिला जाब विचारणार नाही. अशाच एका स्त्रीचा मुलगा, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतला. स्वीकार, गुप्तता, निवाडा न करणे, निर्णय तिचा, सगळे इथे आहे, बिस्टेकच्या आधी जवळजवळ शंभर वर्षे. 'आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून छाती फुगवण्यासाठी मी हे सांगत नाही. तो खेळ आपण पुष्कळ खेळलो. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. बिस्टेककडे स्वीकार हा नात्याचा गुण आहे. फुल्यांकडे तो एका विश्लेषणाचा परिणाम आहे: या बाईने काही चुकीचे केले नसून तिला या अवस्थेत आणणारी धर्माची व्यवस्था चुकीची आहे, म्हणून तिला जाब विचारायचा नाही. ज्या माणसाने ते गृह चालवले त्यानेच पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, आणि त्यात शेतकऱ्याच्या कंगालपणाचा माग धार्मिक विधींचा खर्च, सरकारी कामगार आणि अडाणीपण यांच्या साखळीतून काढला. व्यक्तीला मदत आणि व्यवस्थेची चिकित्सा या गोष्टी आज विद्यापीठात दोन वेगळ्या पेपरांत आहेत. तिथे त्या एकाच घरात होत्या.

हे सगळे प्रत्यक्षात कसे दिसते? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या. राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिथल्या भाषेत 'पिशवी काढली' एवढेच म्हणतात. असे समजा की एका गावात समाजकार्याची विद्यार्थिनी क्षेत्रकार्याला आहे. तिशीची एक बाई तिला सांगते, पोटात फार दुखते, अंगावरून पांढरे जाते, पुढच्या आठवड्यात टोळी निघायची आहे, त्याआधी पिशवी काढून टाकावी म्हणते.

वैद्यक सांगेल: अशा तक्रारींवर बहुधा औषधोपचार असतो, गर्भाशय, आणि त्यासोबत बीजकोश गेले तर कमी वयात पाळी जाण्याचे परिणाम हाडांपर्यंत पोचतात. मानसशास्त्र म्हणेल, तिला कर्करोगाची भीती घातली गेली आहे, आणि भ्यालेला माणूस दुसरे मत घ्यायला जात नाही. मानवशास्त्राला पाळीचा विटाळ दिसेल, आणि मुले झाल्यावर पिशवीचे काम संपले ही समजूतही. समाजशास्त्र तिचे लग्न कितव्या वर्षी झाले हे विचारील. अर्थशास्त्र विचारील, उचल किती घेतली? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फेडायची हंगामभर तोडून. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड. दर महिन्याला पाळीचे चार दिवस म्हणजे काय, हे या हिशेबात लख्ख दिसते. सार्वजनिक आरोग्य फडाशेजारच्या कोपीकडे बोट दाखवील, जिथे संडास नाही आणि पाणी लांब आहे. कायद्याची गंमत तर औरच. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा तेव्हाचा कायदा १९७९ चा. टोळी बेळगावकडे गेली तर तो लागू होण्याचा संभव, कोल्हापूरला गेली तर तो नाही, कारण राज्याची सीमा ओलांडलेली नाही. बाई तीच, ऊस तोच.

सगळी उत्तरे खरी आहेत. पण त्यांची किंमत सारखी नाही. 'अज्ञान' हे कारण धरले तर उपाय म्हणजे जनजागृती शिबिर: एक फलक, एक डॉक्टरीणबाई, पन्नास बायका, फोटो. स्वस्त आणि कोणालाही न दुखवणारा. 'भीती' धरली तर समुपदेशन. 'शस्त्रक्रियेतला नफा' धरला तर खासगी दवाखान्यांवर देखरेख, म्हणजे तालुक्यातल्या वजनदार माणसांशी वाकडे. 'खाडा' धरला तर प्रश्न साखर कारखान्यापर्यंत जातो, आणि महाराष्ट्रात साखर कारखान्यापर्यंत गेलेला प्रश्न कुठे जातो हे वाचकाला सांगायला नको. ज्या सिद्धान्ताचा उपाय कोणालाच महाग पडत नाही तो लवकर लोकप्रिय होतो, याबद्दल विद्यार्थ्याला वर्गातच सावध केले पाहिजे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. केवळ व्यवस्थेवर बोलणारा कार्यकर्ता त्या बाईच्या काही उपयोगाचा नाही. तिचे पोट आज दुखते आहे. साखर उद्योगाचा राजकीय अर्थव्यवहार समजावून घेत ती ओट्यावर बसणार नाही. तिला सरकारी रुग्णालयात कोणी सोबत यायला हवे, तपासणीचा कागद वाचून दाखवायला हवा, सासूशी आणि मुकादमाशी बोलायला हवे, आणि हे सगळे झाल्यावरही ती पिशवी काढायची म्हणाली तर? इथे बिस्टेकचे स्वयंनिर्णयाचे तत्त्व आडवे येते. ते उदारमतवादी तत्त्वज्ञानातून आलेले आहे. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती एकटी आणि मोकळी असते. उचल डोक्यावर असलेल्या बाईचा निर्णय कितपत तिचा, हे तत्त्व सांगत नाही. पण 'तो तुझा निर्णयच नाही' असे शिकल्यासवरल्या मुलीने तिला सांगणे, ही वेगळीच अरेरावी झाली.

अशी टक्कर पोलीस ठाण्यात आणखी उघड दिसते. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला; समाजकार्यकर्ते पोलिसांच्याच इमारतीत बसू लागले. नवऱ्याच्या आणि सासरच्या क्रौर्याला गुन्हा ठरवणारे ४९८-अ हे कलम नुकतेच, १९८३ मध्ये आले होते. कौटुंबिक हिंसेपासून संरक्षणाचा कायदा यायला अजून वीस वर्षे होती. मार खाल्लेली बाई समोर आहे. कुटुंबाकडे एक प्रणाली म्हणून पाहणारा सिद्धान्त म्हणतो, दोघांच्या वागण्याचे एक चक्र आहे, ते तोडू. स्त्रीवाद म्हणतो, चक्र म्हटले की मारणारा आणि मार खाणारा एका पंगतीला बसले. निवाडा करू नका, हे तत्त्व बाईच्या बाबतीत पाळायचे, हे ठीक. हिंसेच्या बाबतीत पाळले तर ते हिंसेच्या बाजूचे होते. अशा जागी काम करणाऱ्यांना एक फरक करावाच लागतो: हिंसा चूक आहे हे निःसंदिग्ध सांगायचे, आणि नांदायचे की नाही हे तिच्यावर सोडायचे. तत्त्वांच्या पुस्तकांत ही रेघ आखलेली नव्हती. ती बाकावर समोरासमोर बसून आखावी लागली.

प्रणाली सिद्धान्ताची सत्तरच्या दशकानंतर बरीच चलती झाली. पिंकस आणि मिनाहन यांच्या १९७३ च्या पुस्तकापासून वर्तुळांत वर्तुळे काढलेल्या आकृत्या सगळीकडे दिसतात. सगळ्याचा सगळ्याशी संबंध आहे, हे त्या छान दाखवतात. कोण कोणाच्या जिवावर जगते, हे त्यांत दिसेलच असे नाही. त्यासाठी पाउलो फ्रेरीसारख्यांकडे जावे लागते, आणि आपल्याकडे फुले-आंबेडकरांकडे. २०१४ मध्ये मेलबर्न येथे समाजकार्याच्या दोन जागतिक संघटनांनी जी व्याख्या मान्य केली तिच्यात समाजकार्याचे स्वतःचे सिद्धान्त, सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या यांच्या जोडीला स्थानिक समूहांचे ज्ञानही पाया म्हणून आले. कागदावर दार उघडले आहे. मराठी वर्गात त्या दारातून काय आत घ्यायचे हे इथल्या शिक्षकांनीच ठरवायचे आहे. बहुतेक संदर्भग्रंथ इंग्रजीत, सेवार्थी मराठीत, आणि 'सेवार्थी' हा शब्द त्या सेवार्थीने कधी ऐकलेला नाही, अशी आजची स्थिती आहे.

फ्लेक्सनरच्या प्रश्नाकडे आता परत जाता येईल. मध्यस्थाजवळ स्वतःचे काय? माझ्या मते त्याचे उत्तर क्षेत्रकार्याच्या अहवालात आहे, त्या कंटाळवाण्या, रात्री जागून लिहिलेल्या पानांत. विद्यार्थिनी काय घडले ते लिहिते, तिला काय वाटले ते वेगळे लिहिते, मग का घडले असावे ते लिहिते. आणि मार्गदर्शक शिक्षक समासात विचारतो, हे तुला कशावरून वाटले? बाईने सांगितले, तू पाहिलेस, की पुस्तकात वाचलेस? हा प्रश्न दर आठवड्याला, दोन वर्षे. सहा शास्त्रांची सहा उत्तरे एका माणसासमोर एकाच वेळी धरायची, त्यांतले कोणते आज उपयोगी आणि कोणते उद्या, हे ठरवायचे, आणि ते ठरवताना आपला कल कुठे आहे हे कागदावर उघडे ठेवायचे. डॉक्टरला हे करावे लागत नाही, अर्थतज्ज्ञाला तर नाहीच. क्षेत्रकार्याचे तास कमी करून तिथे आणखी एक लेखी पेपर बसवला, तर उरते ती खरोखरच खिचडी.

बीडच्या विद्यार्थिनीपुढे याहून साधी एक अडचण आहे. शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होते. गाव ओळखीचे होईपर्यंत, बायका चार शब्द मोकळेपणी बोलू लागेपर्यंत दिवाळी येते. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आणि गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली मुले उरतात. जिच्याशी बोलणे अर्धवट राहिले ती बाई मार्च-एप्रिलपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात असते, तिथल्या आरोग्य केंद्रात तिचे नाव नसते, आणि तिच्याविषयी लिहिलेला अहवाल बीडच्या महाविद्यालयाच्या कपाटात असतो. परीक्षा उन्हाळ्यात.